तांब्याच्या बाटलीत साधं पाणीच हवं

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पिण्याची जुनी सवय आता बाटल्यांच्या रूपाने पुन्हा घरोघरी आली आहे, आणि ती निराधार नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्यात मुद्दाम सोडलेले कॉलरा, हगवणीचे जंतू तांब्याच्या भांड्यात १६ तासांनी जिवंत सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं होतं लिटरमागे जेमतेम ०.१८ मिलिग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. पण हे आकडे साध्या पाण्याचे आहेत. त्याच बाटलीत लिंबू पिळलं की ते लागू पडत नाहीत, आणि हल्ली तसं पाणी सर्रास केलं जातं.

पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. साध्या पाण्यात तो फारसा विरघळत नाही, म्हणून तांबं अगदी थोडं उतरतं. आम्लात मात्र हा थर झपाट्याने विरघळतो आणि खालचा धातू उघडा पडतो. काळवंडलेला हंडा चिंचेने घासला की लख्ख होतो, तो यामुळेच. घासताना सुटलेलं तांबं आपण धुऊन टाकतो; लिंबूपाण्यात उतरलेलं पोटात जातं. ते जास्त झालं तर मळमळ, उलट्या आणि पोटात मुरडा ठरलेला.

पूर्वापार चालत आलेल्या गोष्टीत खोट काढू नये, असं काही जण म्हणतील. पण हा धोका परंपरेनेच ओळखला होता. ताक कळकतं म्हणून ते उघड्या तांब्या-पितळेत ठेवत नसत आणि स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई करून घेत. आपण भांडं उचललं, त्याबरोबरचा नियम मागेच राहिला. शरीराला तांबं लागतं, हेही खरं. पण दिवसाला लागतं ते एक-दोन मिलिग्रॅम, आणि डाळी, तीळ, शेंगदाण्यांतून ते मिळतं. शिवाय जंतू मारणारं तांबं पाण्यातलं नायट्रेट किंवा आर्सेनिक काढत नाही, त्यामुळे त्याला शुद्धीकरणाचा पर्याय मानणं चूक आहे. म्हणून प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत छापण्याची सक्ती हवी: फक्त साधं पाणी, लिंबू, ताक, सरबत नको. आरोग्याच्या नावाने वस्तू विकणाऱ्याने ती कशी वापरू नये हेही सांगितलंच पाहिजे.