साखरेबरोबर भीतीही मोजा

गेल्या लावणीच्या दिवसांत आमच्या एका शेतकरी बांधवाच्या तळपायात काटा रुतला. मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यामुळे दुखले नाही. पुढे जखम दिसली, तरी पंधरा दिवस त्यांनी ती घरच्यांपासून लपवली. वडिलांचा पाय याच रोगाने गेला होता. 'डॉक्टर आपलाही पाय कापतील' एवढीच भीती! शेवटी एक बोट गेले. वेळेवर आले असते तर तेही वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत हे अधिक. म्हणजे मिस्साला बसलेल्या दर चार प्रौढांत एक. पेडणे-डिचोलीतील आमच्या गावांनी हा आकडा परका मानू नये.

साखर मोजायला यंत्र आहे, पण भीती? बंधुभगिनींनो, तीही मोजता येते. १९९५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे गंभीर विकार जडतील ही चिंता किती सतावते, हा त्यांतलाच एक प्रश्न. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण देऊन बेरीज शंभरांत मांडतात. चाळीस किंवा अधिक गुण आले, तर मनावरचा भार मोठा समजतात. २००५ साली तर केवळ या भीतीसाठीच पंधरा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार झाली.

आमच्या मते भीती ही पेजेतल्या मिठासारखी आहे. मुळीच नसेल तर माणूस पायाकडे बघत नाही. जास्त झाली तर तपासणीच टाळतो. म्हणून आरोग्य शिबिरांत कापलेल्या पायांची चित्रे दाखवून लोकांना घाबरवणे आम्हांस पटत नाही. त्यापेक्षा हे सांगावे: १९९८ साली ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात साखर कडक ताब्यात ठेवलेल्या रुग्णांत डोळे, मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे पाव हिश्श्याने घटला. म्हणजे पुढचे सगळे नशिबावर सोडलेले नाही.

शेतात गमबूट घालावेत. घालण्यापूर्वी आत खडा-काटा नाही ना, ते हाताने पाहावे. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे तपासावेत. वाकवत नसेल तर घरच्यांनी बघावे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची जाणीव तपासून घ्यावी.

आणि शिबिरात बोटाला सुई टोचणाऱ्याने एक प्रश्नही विचारावा: "तुम्हांला सर्वांत जास्त भय कशाचे वाटते?" उत्तर ऐकायला दोन मिनिटे थांबावे. कुमसाराला जाताना आम्ही मनातले लपवत नाही. डॉक्टरांपुढे तरी जखम का लपवावी?