मळ्यावरची डॉक्टरीण

आयुष्यभर लोकांच्या नाड्या पाहिलेला डॉक्टर उतारवयात काय करतो? आपल्याकडे बहुधा गच्चीत गुलाबाच्या कुंड्या मांडतो. फार झाले तर लोणावळ्याकडे तुकडाभर जमीन घेऊन चार आंबे लावतो आणि माळ्याशी भांडतो. अमेरिकेत पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, ऑरेगॉन राज्यात, एक बाई पोर्टलंड शहरातला चांगला चालता दवाखाना मिटवून शेतावर राहायला गेली. विश्रांती मात्र तिच्या नशिबी नव्हती. तिची हकीकत यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. चव गोड आहे, पण शेवटचा घास कडू लागेल, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

बाईंचे नाव बेथिनिया ओवेन्स. जन्म १८४० चा. तीन वर्षांची असताना आईबाप गाड्यांच्या तांड्याबरोबर अर्धा खंड तुडवून ऑरेगॉनला आले आणि कोलंबिया नदीच्या मुखाजवळ, क्लॅट्सॉपच्या मैदानात स्थिरावले. घर गुराघोड्यांचे, पोरगी घोड्यावर पक्की आणि अक्षरांत कच्ची. चौदाव्या वर्षी तिचे लग्न लावून दिले. (आपल्या पणज्या याहूनही लहानपणी बोहल्यावर चढल्या, तेव्हा आपण नाक मुरडण्याचे कारण नाही.) नवरा कामाला नाखूश आणि हात उगारायला तयार. तान्ह्या मुलालाही मार बसू लागला, तेव्हा ती मूल कडेवर घेऊन माहेरी आली. १८५९ मध्ये तिने घटस्फोट घेतला. वय १९, पदरी मूल, आणि लिहिणे-वाचणे जेमतेम.

लोकांचे कपडे धुऊन तिने पोट भरले आणि धाकट्या मुलांच्या बरोबरीने शाळेत जाऊन बसली. पुढे स्वतःच एक छोटी शाळा चालवली. विद्यार्थी १६; त्यांतले तिघे बाईंच्याही पुढे गेलेले! त्यांची पुस्तके रात्री घरी न्यायची, उद्याचा धडा आज शिकून घ्यायचा, आणि सकाळी शांतपणे शिकवायचा. आम्हां प्राध्यापक मंडळींनी हा परिच्छेद जरा घाईनेच ओलांडावा.

मग रोझबर्ग गावात तिने बायकांच्या टोप्यांचे दुकान थाटले. ते चांगले चालले, मुलगा शिकायला लागला. आता बाईने सुखाने बसावे की नाही? पण एकदा एका आजारी लहान मुलीच्या उशाशी ती बसली होती. म्हातारे डॉक्टर थरथरत्या हाताने नळी घालू पाहत होते आणि पोरीला जखमा होत होत्या. चष्मा पुसण्यासाठी त्यांनी ती खाली ठेवली. बेथिनियाने उचलली आणि काम अलगद पार पाडले. पोरीची आई गळ्यात पडली, डॉक्टर मात्र रुसले. त्यानंतर ती कोणाकडून तरी शरीरशास्त्राचा ग्रंथ मागून आणून चोरून वाचू लागली. बेत फुटला तेव्हा घरच्यांना ती कुळाला बट्टा लावते आहे असे वाटले.

१८७० नंतर ती फिलाडेल्फियाला गेली. आपल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये एम. डी. मिळवली ते हेच शहर. तिथल्या जेफर्सन कॉलेजने बाई म्हणून तिला घेतले नाही. दुसऱ्या एका साध्या शाळेतून पदवी घेऊन ती परतली. रोझबर्गला सहा डॉक्टर एका म्हाताऱ्याच्या प्रेताची चिरफाड करणार होते. त्यांनी थट्टा म्हणून तिला बोलावणे धाडले. बाई गेली! एकाने पुरुषाच्या देहाबद्दल शंका काढली, तेव्हा वैद्याला देहाचा एक भाग दुसऱ्याइतकाच पवित्र असला पाहिजे, असे तिने सुनावले. शेवटी सुरी तिच्याच हाती आली आणि तिने ती चालवली. गाव इतके खवळले की तिच्या भावांना तिच्या रक्षणाला उभे राहावे लागले.

पण साधी पदवी तिला डाचत होती. ३८ व्या वर्षी, मुलगा डॉक्टर होऊन बसलेला असताना, ती मिशिगन विद्यापीठात दाखल झाली आणि १८८० मध्ये रीतसर एम. डी. झाली. पोर्टलंडमध्ये नाव झाले, पैसा आला. १८८४ मध्ये कर्नल जॉन अडेर यांच्याशी पुनर्विवाह झाला. ४७ व्या वर्षी मुलगी झाली. तीन दिवस जगली.

दुसऱ्याच वर्षी, १८८८ मध्ये, नवरा-बायको अस्टोरियाजवळ ‘सनीमीड’ नावाच्या शेतावर राहायला गेली. म्हणजे जिथे ती लहानपणी घोडी दामटत होती, त्याच मुलखात. दुःख विसरायला माती बरी, असे त्या दोघांना वाटले असेल. पण पंचक्रोशीत डॉक्टर कुठला? हाक येऊ लागली आणि बाई निघू लागली. तो प्रदेश सततच्या पावसाचा. गाडी जाणार नाही असे दाट रान, वाटेत आडवे पडलेले ओंडके. घोड्यावर बसायचे, नाहीतर चिखल तुडवायचा. दिवस असो, रात्र असो, आलेली हाक परतवली नाही, असे तिने पुढे आत्मचरित्रात लिहिले. शेताची देखरेख आणि ही फेरी, दोन्ही ११ वर्षे चालली. अखेर त्या ओलीने सांधे धरले, तेव्हा तिने कोरड्या हवेच्या याकिमाला बिऱ्हाड हलवले, आणि १९०५ मध्ये डॉक्टरकी थांबवली.

आता तो कडू घास. निवृत्तीनंतर बाईंनी एकच ध्यास घेतला: वेडे, अपस्माराचे रोगी आणि गुन्हेगार यांना मुले होऊ नयेत, म्हणून सरकारने त्यांची शस्त्रक्रिया करावी. त्या काळी पुष्कळ शहाणीसुरती माणसे असे बोलत, हे खरे. तरीही, जिला बाई म्हणून सगळ्यांनी अपात्र ठरवले, तिने दुसऱ्यांना इतक्या निःशंकपणे अपात्र ठरवावे, हे मला पटत नाही. पूर्वी लोकांच्या ‘नाही’ला भीक न घालणारा हट्ट तिला तारून गेला, तोच आता, ज्यांना ‘नाही’ म्हणताच येत नव्हते, त्यांच्यावर चालून गेला. १९०९ चे विधेयक राज्यपालांनी परत धाडले. १९१३ चा कायदा मतदारांनी पाडला. १९१७ मध्ये मात्र तो झालाच. बाई १९२६ मध्ये वारल्या. कायदा १९८३ पर्यंत राहिला आणि २,६०० हून अधिक माणसांवर त्याची सुरी चालली.

२००२ च्या डिसेंबरात ऑरेगॉनच्या राज्यपालांनी त्या सर्वांची जाहीर माफी मागितली. राज्यपालांचे नाव जॉन किट्झहाबर. तेही पेशाने डॉक्टर. राजकारणात मोठे होण्याआधी रुग्ण तपासत होते, तेही रोझबर्गलाच.