उत्तर कोरियाशी युद्ध होईल का? बॉम्बइतकाच धोका बंद पडलेल्या फोनचा

उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र डागले की मोबाइलवर नोटिफिकेशन येते. पाठोपाठ ‘तिसरे महायुद्ध सुरू?’ असे व्हिडिओ ग्रुपमध्ये फिरू लागतात आणि दोन दिवसांत सगळे विसरतात. पण हा धोका खरा किती आहे, तो नेमका कशातून येतो आणि जळगाव-धुळ्यातल्या माणसाने त्याची दखल का घ्यावी? समजून घेऊ.

युद्ध संपलेलेच नाही, म्हणजे काय?

कोरियन युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी थांबले. थांबले, संपले नाही. त्या दिवशी सह्या झाल्या त्या शस्त्रसंधीवर. शांतता करार आजतागायत झालेला नाही. दोन्ही कोरियांच्या मध्ये सुमारे २५० किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद निर्लष्करी पट्टा आहे. नाव निर्लष्करी असले, तरी त्याच्या दोन्ही बाजूंना जगातला सर्वांत कडेकोट बंदोबस्त आहे.

उत्तर कोरियाने २००३ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून अंग काढून घेतले. २००६ ते २०१७ या काळात त्याने सहा अणुचाचण्या केल्या. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचू शकतील अशा आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या चाचण्याही झाल्या. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार या देशाकडे आज सुमारे ५० अण्वस्त्रे आहेत.

नकाशा खान्देशात ठेवून पाहू

समजा, सीमा अमळनेरला आहे आणि राजधानी जळगावला. सीमेपासून दक्षिण कोरियाची राजधानी सोल साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, सुमारे ५० किलोमीटर. सोल आणि भोवतालच्या परिसरात देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसे राहतात. जगाला मेमरी चिप पुरवणारे मोठे कारखाने याच नकाशावर भुसावळ-मुक्ताईनगरच्या पट्ट्यात येतील. सीमेपलीकडे डोंगरांत उत्तर कोरियाच्या लांब पल्ल्याच्या तोफा आणि रॉकेट लाँचर दडवलेले आहेत. सोल हादरवायला अणुबॉम्बची गरजच नाही.

‘एकदा हल्ला करून विषय संपवून का टाकत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर या अंतरात आहे. १९९४ मध्ये अमेरिकेने योंगब्योनच्या अणुकेंद्रावर हल्ल्याचा गंभीरपणे विचार केला होता. प्रत्युत्तरात सोलचे काय होईल, हा हिशेब मांडल्यावर हात आखडला. माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः प्योंगयांगला गेले, किम इल सुंग यांच्याशी बोलले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये करार झाला. तो पुढे मोडला, पण १९९४ चे युद्ध टळले.

किम जोंग उन वेडे आहेत का?

तसे मानणे सोपे आहे, पण घातक आहे. किम घराण्याचा हिशेब थंड डोक्याचा आहे: सत्ता टिकवणे. सद्दाम हुसेन यांच्याकडे अण्वस्त्रे नव्हती, त्यांची राजवट २००३ मध्ये उलथली गेली. लिबियाच्या गद्दाफींनी त्याच वर्षी आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये ते मारले गेले. प्योंगयांगने हा धडा पाठ केला. आपण पहिला मोठा हल्ला केला तर आपली राजवट उरणार नाही, हेही किम यांना ठाऊक आहे. म्हणून ठरवून युद्ध सुरू होण्याची शक्यता कमी आहे.

मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी एक कायदा केला. नेतृत्वावर हल्ला झाला तर अण्वस्त्रे आपोआप डागली जातील, अशी तरतूद त्यात आहे. हल्ला होणार असे वाटले तरी आधी वार करण्याची मुभाही आहे. इथे ‘वाटले’ हा शब्द महत्त्वाचा. कोणाला, कशावरून आणि किती मिनिटांत वाटणार, यावर लाखो जीव टांगलेले आहेत.

मग युद्ध पेटेल कशावरून?

एखाद्या झाडावरूनही. १८ ऑगस्ट १९७६ रोजी पानमुंजोममध्ये टेहळणीला आड येणाऱ्या पॉप्लरच्या झाडाच्या फांद्या छाटायला गेलेल्या तुकडीवर उत्तर कोरियाच्या सैनिकांनी हल्ला केला. दोन अमेरिकी अधिकारी मारले गेले. तीन दिवसांनी ते झाड तोडण्यासाठी अमेरिकेने बॉम्बफेकी विमाने आणि विमानवाहू नौका सज्ज ठेवल्या. झाड पडले, किम इल सुंग यांनी खेद व्यक्त केला आणि प्रकरण निवळले. शेताच्या बांधावरून सुरू झालेले भांडण कुठवर जाते, हे खान्देशातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. इथे बांधाच्या दोन्ही बाजूंना तोफा होत्या.

दुसरे उदाहरण थेट मोबाइलचे आहे. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या लोकांच्या फोनवर संदेश आला: क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही. क्षेपणास्त्र आलेच नव्हते. आपत्कालीन यंत्रणेतल्या एका कर्मचाऱ्याची ती चूक होती. दुरुस्तीचा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. तेव्हा अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात उघड धमक्यांची देवाणघेवाण सुरू होती. त्या ३८ मिनिटांत वरच्या पातळीवर कोणी घाई केली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

अशा वेळी उपयोगी पडतो तो फोन. उत्तर आणि दक्षिण कोरियाचे अधिकारी रोज सकाळी आणि सायंकाळी ठरल्या वेळी एकमेकांना फोन करत. एप्रिल २०२३ पासून उत्तरेने तो उचलणे बंद केले. त्याआधी जून २०२० मध्ये केसाँग येथील संयुक्त संपर्क कार्यालयाची इमारतच उत्तरेने स्फोटाने उडवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिणेकडे जाणारे रस्तेही उडवले. पानमुंजोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कमांडशी असलेली एक लाइन काय ती उरली.

बाहेरून आत पाहण्याच्या खिडक्याही बंद होत आहेत. निर्बंधांवर लक्ष ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ पथक रशियाच्या नकाराधिकारामुळे एप्रिल २०२४ अखेर बंद पडले. जूनमध्ये रशिया आणि उत्तर कोरियाने करार केला: एकावर हल्ला झाला तर दुसरा मदतीला धावेल. त्यानंतर उत्तर कोरियाचे हजारो सैनिक रशियाच्या बाजूने लढायला गेले. चीनचा उत्तर कोरियाशी १९६१ पासून करार आहे, अमेरिकेचा दक्षिण कोरियाशी १९५३ पासून. म्हणजे भांडण दोन कोरियांचे राहणार नाही.

फोन असला की काय होते, हे धुळ्याने पाहिले आहे

सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस, सर्जिकल स्ट्राइकच्या दिवशीच, धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीर गावचा एक जवान नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानात गेला आणि पकडला गेला. धक्क्याने त्याच्या आजीने प्राण सोडले. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. दोन्ही देशांत संताप होता आणि दोन्हीकडे अण्वस्त्रे होती. तरीही दोन्ही लष्करांच्या कारवाई महासंचालकांमध्ये हॉटलाइन होती आणि भारताने लगेच त्यावरून कळवले की हा जवान चुकून पलीकडे गेला आहे. संरक्षण राज्यमंत्री तेव्हा धुळ्याचेच खासदार डॉ. सुभाष भामरे होते. पाठपुरावा सुरू राहिला. जवळपास चार महिन्यांनी, २१ जानेवारी २०१७ रोजी, तो जवान वाघा सीमेवरून परतला.

फोनने मैत्री झाली नाही, होणारही नव्हती. पण रेषा ओलांडलेला एक माणूस हा हल्ला ठरला नाही. जुलै २०२३ मध्ये एक अमेरिकी सैनिक पानमुंजोममधून धावत उत्तर कोरियात शिरला, तेव्हा अमेरिकेचा तिथे दूतावासच नव्हता. स्वीडनच्या मध्यस्थीने आणि चीनमार्गे तो सप्टेंबरमध्ये परतला. म्हणजे सर्वांत बलाढ्य देशालाही दुसऱ्याच्या दारातूनच जावे लागले.

आपला संबंध काय?

पहिला संबंध आता तुमच्या हातात आहे. जगातल्या निम्म्याहून अधिक डीरॅम मेमरी चिप सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोन दक्षिण कोरियाई कंपन्या बनवतात. तिथे युद्ध पेटले तर कोणत्याही ब्रँडच्या फोनची, लॅपटॉपची, गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सची किंमत इथे जाणवेल. रांजणगावचा एलजीचा कारखाना, रायगड जिल्ह्यातला पॉस्कोचा पोलाद प्रकल्प, तळेगावची ह्युंदाईची गुंतवणूक ही महाराष्ट्रातली कोरियाई नाती. पुणे पट्ट्यात नोकरीला गेलेली खान्देशातली पोरेही त्यांत आहेत.

दुसरा संबंध सुरक्षेचा. पाकिस्तानचे ‘घौरी’ क्षेपणास्त्र उत्तर कोरियाच्या ‘नोडोंग’ तंत्रज्ञानावर उभे राहिले. निर्बंधांत अडकलेला देश पैशासाठी काय विकू शकतो, याची किंमत भारताने आधीच मोजली आहे.

तिसरा संबंध इथल्या मातीचा. वरणगावच्या आयुध निर्माणीत गोळ्या तयार होतात, भुसावळच्या निर्माणीत पिनाका रॉकेटचे पॉड. खान्देशातल्या गावागावांतली मुले सैन्यात आहेत. युद्ध इथे टीव्हीवरचा खेळ नाही, घरातली गोष्ट आहे.

भारताने आधी काय केले होते?

१९५३ मध्ये कोरियातला शेवटचा तिढा युद्धकैद्यांचा होता. मायदेशी परतायला नकार देणाऱ्यांचे काय करायचे? भारताच्या पुढाकारातून तोडगा निघाला. तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले आणि कैद्यांची जबाबदारी घेणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे आले. थोरात कोल्हापूर भागातले. दलात सुमारे सहा हजार माणसे, तर कैदी २२ हजारांहून अधिक. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला. त्यामुळे त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्या तळाचे नाव हिंदनगर.

सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून कुंपणाच्या आत ओढले. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह आत गेले, संतप्त जमावाशी बोलले आणि गोळी न झाडता मेजरला घेऊन बाहेर आले. पुढे काही प्रसंगी गोळीबार करावा लागला, काही कैदी दगावलेही. काम स्वच्छ नव्हते, कौतुकाचेही नव्हते. दोन्ही बाजू भारतावर नाराज होत्या. पण दोन्ही बाजू भारताशी बोलत होत्या.

हुकूमशहाशी बोलायचे कशाला?

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये या राजवटीवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा ठपका ठेवला. राजकीय कैद्यांच्या छावण्या, उपासमार, देश सोडणाऱ्यांना शिक्षा, सगळे नोंदले गेले आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये ट्रम्प आणि किम तीनदा भेटले, छायाचित्रे निघाली, अण्वस्त्रे मात्र राहिली. अशा भेटींतून हुकूमशहाला फुकटची प्रतिष्ठा मिळते, हे खरेच.

पण शिखर भेट वेगळी आणि चालू फोन वेगळा. एक समारंभ आहे, दुसरा विहिरीचा कठडा. कठडा बांधला म्हणून विहिरीचे पाणी गोड होत नाही, पण कोणी अंधारात आत पडत नाही. निर्बंध ठेवावेत, गुन्ह्यांची नोंद ठेवावी आणि फोनही चालू ठेवावा. यात विसंगती नाही.

बंद राजवटीत हा फोन आणखी गरजेचा ठरतो. वाईट बातमी सांगणाऱ्याची जिथे गय होत नाही, तिथे साहेबाला आवडेल तेच कानावर जाते. समोरचा खरोखर हल्ला करतोय की सराव करतोय, हे सांगणारा बाहेरचा आवाज उरला नाही, तर भीतीच निर्णय घेते.

आता काय करावे?

भारताचे उत्तर कोरियाशी १९७३ पासून राजनैतिक संबंध आहेत. कोविडकाळात, जुलै २०२१ मध्ये, प्योंगयांगमधला भारतीय दूतावास बंद झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. ही बातमी आतल्या पानावर गेली, पण ती महत्त्वाची होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले असताना सुषमा स्वराज यांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की संवादाचा मार्ग खुला राहावा म्हणून काही मित्रदेशांचे दूतावास तिथे असले पाहिजेत. पुढच्या मे महिन्यात परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह प्योंगयांगला जाऊन आले. दोन दशकांतली ती भारताची पहिली मंत्रीस्तरीय भेट होती आणि क्षेपणास्त्र व अण्वस्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसाराबद्दलची काळजी तिथे मांडली गेली.

ती भूमिका योग्य होती आणि तीच पुढे न्यायला हवी. दूतावास नुसता उघडा असून चालणार नाही. तिथे कोरियन भाषा जाणणारी माणसे हवीत, सोल आणि प्योंगयांग या दोन्ही ठिकाणच्या आपल्या अधिकाऱ्यांचा एकमेकांशी नियमित संपर्क हवा आणि गरज पडली तर निरोप पोहोचवायची तयारी आहे, हे दिल्लीने दोन्ही कोरियांना शांतपणे कळवायला हवे. यासाठी मोठा खर्च लागत नाही, टाळ्याही मिळत नाहीत. जून २०२५ मध्ये निवडून आलेले दक्षिणेचे अध्यक्ष ली जे म्युंग यांनी आल्या आल्या सीमेवरचे प्रचाराचे भोंगे बंद केले. अशा वेळी मधल्या निरोप्याची किंमत वाढते.

पुढच्या वेळी क्षेपणास्त्राचे नोटिफिकेशन येईल, तेव्हा ते किती किलोमीटर उडाले हे तर वाचाच. पण दोन कोरियांमधला तो फोन कोणी उचलला का, हेही बातमीत शोधा. धोका वाढला की कमी झाला, हे त्यावरून अधिक नेमके कळेल.