काजी, हझान आणि ‘रब्बी’

ज्यू समाजाची बातमी आली की आपली वर्तमानपत्रे डोळे मिटून ‘रब्बी’ लिहितात. उपसंपादक फारच घाईत असला तर ‘ज्यू पुजारी’. धरमतर खाडीच्या काठापासून पेण, अलिबाग, रोहा-अष्टमीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणच्या शनवार तेल्यांना, हा शब्द परकाच. त्यांच्यात रब्बी नव्हतेच. लग्न लावायला, तंटा तोडायला होता तो काजी. दावीद रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या गुरूने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवून हे काम सोपवले, अशी त्यांची परंपरा सांगते. शब्द मुसलमानी अमलातला. घेताना कोणाला संकोच वाटला नाही. सिनेगॉगलाही ते मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बांधलेले पहिले सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले गेले.

पुढे रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पेण (१८६३) अशी प्रार्थनास्थळे उभी राहिली आणि हझानाचे महत्त्व वाढले, काजीचे ओसरले. हझान प्रार्थना सुरावर म्हणतो, विधी चालवतो. रब्बी धर्मशास्त्राचा निर्णय देतो. कारभाराला मुकादम आणि चौगुले. हे तर थेट आपल्या गावगाड्यातले.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या लग्नांवर तिथल्या धर्मपीठाने शंका काढल्या. रब्बीवाचून इतक्या पिढ्या गेल्या, तर यांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्राला धरून झाले कशावरून, हा त्यातला एक मुद्दा. आंदोलन झाले, १९६४ साली तिथल्या सरकारला आणि संसदेला मध्ये पडावे लागले. रब्बी नाहीत म्हणून ज्यांना एवढे सोसावे लागले, त्यांच्याच हझानाला आपण बसल्या जागी रब्बी करून टाकतो! गुरवाला भटजी म्हटलेले कोणत्या गावात खपेल?

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. वार्ताहरांनी निदान हुद्दा तरी नीट द्यावा. बाहेरून आलेला रब्बी असेल तर रब्बी लिहा, हझान असेल तर हझान. ठाऊक नसेल तर विचारा. ही माणसे मराठीच बोलतात.