गाडीचं ऑइल न सांडता बदलणं: हाही एक धडाच



कार्यानुभवाच्या तासाला आपण मुलांकडून काय करून घेतो? आकाशकंदील, राख्या, कागदी फुलं, लिफाफे. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्या वस्तूवर बसून निम्मं गाव रोज कामाला जातं आणि जी घरोघरी ओट्याशेजारी उभी असते, ती मोटारसायकल शाळेच्या अभ्यासात कुठेच येत नाही. माझं मत असं आहे की आठवी-नववीच्या मुलामुलींना वर्षातून एकदा तरी गाडीचं ऑइल बदलायला शिकवावं. आणि गुण द्यायचे ते बोल्ट उघडता आला म्हणून देऊ नयेत, थेंब सांडला नाही म्हणून द्यावेत.

असं का? ऑइल बदलणं तसं पाच मिनिटांत समजतं. बोल्ट खोला, जुनं काढा, बोल्ट लावा, नवं भरा. अवघड आहे ते न सांडता करणं, कारण त्यासाठी पान्याला हात लावण्याआधी विचार करावा लागतो. तेल कुठून येईल, किती येईल, कुठे पडेल, हातात काय असेल, बोल्ट कुठे ठेवू, फडकं कुठे आहे. हे सगळं डोक्यात आधी मांडायचं आणि मग काम सुरू करायचं. ‘पूर्वतयारी’ हा शब्द आपण पाठाच्या टाचणात रोज लिहितो. मुलांना तो इतका हाताला लागेल असा दुसरा प्रसंग मला तरी माहीत नाही.

आधी नावाचा एक घोळ मिटवू. आपण सर्रास ‘गिअर ऑइल’, ‘इंजिन ऑइल’ म्हणतो, पण आजच्या स्प्लेंडर, शाईनसारख्या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघं एकाच तेलात असतात. त्यामुळे तिथे गिअरबॉक्सचं ऑइल बदललं म्हणजे इंजिनचंही बदललं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट वेगळी होती. राजदूत, येझदी, आरएक्स १०० आणि आपल्या मास्तर लोकांची लाडकी चेतक स्कूटर या गाड्यांत इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबर जळून जायचं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं भरावं लागायचं. जुन्या बुलेटचा तर गिअरबॉक्सच स्वतंत्र डब्यासारखा. आजही ॲक्टिव्हासारख्या स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअरचं वेगळं तेल असतं, जेमतेम सव्वाशे मिली. ते बदलायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं! मुलांना सांगताना ‘आपल्या घरची गाडी कोणत्या प्रकारची?’ हा पहिला गृहपाठ द्या. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक कपाटातून शोधून आणायला लावा. त्यात तेलाचा प्रकार आणि माप दोन्ही दिलेलं असतं. घरात वाचायला पुस्तक नाही अशी तक्रार करणाऱ्या मुलाच्या घरीही हे एक पुस्तक नक्की निघतं.

त्यातच दुसरा मुद्दा येतो. क्लचही त्याच तेलात बुडालेला असल्यामुळे चारचाकीचं तेल दुचाकीत घालू नये. चारचाकीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरतो. मोटारसायकलच्या बाटलीवर ‘जासो एमए’ अशी खूण असते, ती मुलांना वाचून दाखवायला सांगा. घर्षण उपयोगी की त्रासदायक, हा निबंधाचा घासलेला विषय इथे एका बाटलीत सापडतो.

आता सामान. सतरा नंबरचा पाना (हिरोच्या शंभर सीसी गाड्यांना तो चालतो, बाकीच्यांचं आधी तपासून घ्या), फडकी, हातमोजे, नरसाळं, झाकणाची रिकामी बाटली आणि तेल पकडायला पसरट भांडं. भांड्यासाठी विकत काही आणू नका. पंधरा किलोचा खाद्यतेलाचा रिकामा डबा आडवा कापला की उत्तम ट्रे होतो. फक्त पत्र्याच्या कडा आत दुमडून ठोकून घ्या आणि हे कापण्याचं काम मोठ्यांनीच करा. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. गाडीखाली पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर एक पांढरा चार्ट पेपर पसरा. या कागदाचं काम शेवटी आहे.

तेल गार असेल तर दाट असतं, हळूहळू येतं आणि गाळ तळाशीच राहतो. फार तापलेलं असेल तर पाण्यासारखं उसळून येतं आणि हात भाजतो. म्हणून गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची आणि थोडं थांबायचं. डिसेंबरच्या सकाळी हे हवंच. मे महिन्यात आपल्या खान्देशच्या उन्हात उभी असलेली गाडी मात्र न सांगताच तयार असते. सायलेन्सर कुठून जातो ते आधी बोटाने दाखवायला लावा आणि तिकडे कोणी हात नेणार नाही हे बघा.

सगळ्यात आधी वरचं, तेल भरायचं झाकण सैल करून बघायचं. ही सवय फार महत्त्वाची. खालून तेल सगळं निघून गेलं आणि वरचं झाकणच जाम निघालं, तर गाडी जागेवरच अडकली. शिवाय झाकण बंद ठेवून खालचा बोल्ट काढला तर तेल गचके देत येतं आणि उडतं. पाण्याची भरलेली बाटली उलटी केली की ढब्-ढब् करत पाणी सांडतं, तिच्या बुडाला भोक पाडलं की सरळ धार लागते. हवेच्या दाबाचा हा प्रयोग वर्गात बादलीवर करून दाखवा आणि मग गाडीकडे या.

बोल्ट काढण्याची युक्ती सगळे मिस्तरी जाणतात, पण तोंडाने कोणी सांगत नाही. पान्याने बोल्ट फक्त सैल करायचा. पुढे बोटांनी फिरवायचा आणि फिरवताना तो वरच्या बाजूला दाबून धरायचा. आटे संपल्याचं बोटांना कळतं. तोवर दाब असल्यामुळे तेल येत नाही. मग एका झटक्यात बोल्ट बाजूला न्यायचा. असं केलं तर तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत नाही आणि बोल्ट ट्रेमधल्या काळ्या तेलात बुडत नाही. ही युक्ती आधी पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर करून घेतली तर मुलं खूश होतात.

धारेकडे नीट बघायला लावा. छिद्र बाजूला असेल तर आधी धार लांब पडते, तेल कमी होत गेलं की जवळ पडू लागते. म्हणून ट्रे एकाच जागी ठेवून चालत नाही. शेवटी शेवटी तर तेल इंजिनाच्या पोटाला चिकटून पुढे सरकतं आणि भलतीकडेच ठिबकतं. पातेल्यातून चहा ओतताना तो कडेवरून ओघळतो ना, तसंच. वारा असेल तर बारीक धार चक्क ट्रेच्या बाहेर जाते, म्हणून हे काम भिंतीच्या आडोशाला करा. सांडण्याच्या या जागा मुलांनी आधी ओळखायच्या आणि वहीत लिहायच्या. दहा मिनिटं थेंब थेंब गळू द्यायचं. ही दहा मिनिटं मुलांना फार जड जातात, आणि मला त्यांचं मोल वाटतं.

बोल्टखालचा वॉशर बघायचा, खराब असेल तर नवा घालायचा. बोल्ट लावताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच बसवायचे. इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. जोर लावला की आटे जातात आणि दीडशे रुपयांची बचत हजारात पडते. ‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट हे पुस्तकात वाचून कळत नाही, म्हणून हा शेवटचा हात जाणत्या माणसाचा असू द्या. नवं तेल मात्र मुलांनी भरावं. बाटली अख्खी ओतायची नाही. मापापेक्षा थोडं कमी भरून, गाडी मिनिटभर चालवून, बंद करून, थांबून मग काडी बघायची आणि वरच्या खुणेच्या आत राहायचं. जास्त तेलही कमी तेलाइतकंच वाईट, हे मुलांना आश्चर्याचं वाटतं.

इथे खरा प्रश्न सुरू होतो: ट्रेमधल्या काळ्या तेलाचं काय?

आपल्याकडे त्याचे उपयोग ठरलेले आहेत. शटरला लावा, बैलगाडीच्या कण्याला लावा, वाळवी लागू नये म्हणून खांबाला फासा, नाहीतर द्या गटारीत ओतून. यातलं शेवटचं तर कोणी लपवतसुद्धा नाही. अमळनेरची गटार पावसाळ्यात कुठे जाते हे मुलांना विचारा. नाल्यात, नाल्यातून बोरीत, आणि बोरी पुढे तापीला मिळते. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅफमच्या तळ्यावर एक चमचाभर तेल ओतलं, तेव्हा जवळपास अर्धा एकर पाणी काचेसारखं गुळगुळीत झालं. त्याने हे १७७४ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. ते तेल खाण्याचं होतं, इंजिनाचं अगदी तेवढंच पसरेल असं नाही. पण परातभर पाण्यात एक थेंब टाकून दाखवा, मुलांना पुढचं सांगावं लागत नाही. कायद्यानेही वापरलेलं तेल हा घातक कचराच आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्याचा समावेश आहे आणि ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. म्हणून ते त्याच रिकाम्या बाटलीत नरसाळ्याने भरायचं, झाकण घट्ट लावायचं, वर ‘जळकं ऑइल’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि जुनं तेल साठवून विकणाऱ्या गॅरेजवर नेऊन द्यायचं. पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. काळं तेल हाताला वारंवार लागणं चांगलं नाही. लागलंच तर आधी थोडं खाण्याचं तेल चोळून मग साबण लावा. पेट्रोलने हात धुण्याची गॅरेजमधली पद्धत मुलांनी उचलू नये.

आता पालकांचा प्रश्न, जो मला हमखास ऐकू येतो: “सर, आमच्या पोराला काय मेकॅनिक करायचंय का?” याचं उत्तर मी उलट विचारून देतो. मेकॅनिक झाला तर कमीपणा आहे का? आणि नाही झाला, तर त्याला हे येऊ नये का? अभ्यासात मागे पडलेल्या पोराला ‘गॅरेजवर टाकीन’ अशी धमकी आपण घरात देतो, शाळेतही देतो. त्या एका वाक्याने गॅरेजवर इमानाने काम करणाऱ्याचा अपमान होतो, आणि हाताला काळं लागणं ही शिक्षा असते असं वर्गातली सगळी मुलं शिकतात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. ज्या गावात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवत अशी आठवण आजही सांगतात, त्या गावात तरी असं बोलू नये. आणि तेलाला नाकं मुरडू नका बुवा. आज जगभर संगणकाचं काम करणारी विप्रो १९४५ साली निघाली ती आपल्या अमळनेरात, वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून. पुढे तिने कपड्यांचा साबणही विकला. तेल आणि साबण, आपल्या धड्याला लागणारं दोन्ही!

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे, जबाबदारी कोण घेणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आणि स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याचे सांगितले आहेत. ते दिवस माझ्या पाहण्यात बहुतेकदा रांगोळी आणि गाण्यांत जातात. त्यातला एक दिवस याला द्या. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विश्वासावर की गावाला लागणारी कामं करता करता विज्ञान शिकता येतं. आपल्याला आश्रम काढायचा नाही, एक सकाळ काढायची आहे. जवळच्या मिस्तरीला पाहुणे शिक्षक म्हणून बोलवा, ‘दादा’ म्हणा, खुर्ची द्या आणि त्याच्या बुडालेल्या मजुरीचे पैसेही द्या. नुसत्या गुलाबाच्या फुलावर परत पाठवू नका.

एक खुलासा. मी ऑइल बदलायला शिकवा म्हणतोय, गाडी चालवायला नाही. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराव्या वर्षीच मिळतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. क्लासला गाडीवर जाणारी नववीची मुलं आपण सगळेच बघतो. आणि दुसरं, मुलींना ‘तुम्ही लांबून बघा’ असं करू नका. शाळेतल्या मॅडमची स्कूटर मुलींच्या गटाला द्या. ते सव्वाशे मिलीचं काम सगळ्यात नाजूक असतं.

राहता राहिला तो चार्ट पेपर. काम संपल्यावर गाडी पुढे घ्या, ट्रे उचला आणि कागद सगळ्यांसमोर भिंतीला लावा. ती त्या गटाची उत्तरपत्रिका. दहापैकी दहा गुणांनी सुरुवात करा आणि प्रत्येक डागाला एक गुण वजा करा. डाग कशाने पडला हे गटाने त्याच्या शेजारी लिहिलं, मग ते ‘बोल्ट काढताना सांडी गये’ असं अहिराणीत का असेना, तर अर्धा गुण परत. वर कोपऱ्यात तारीख आणि गाडीचं किलोमीटर लिहून कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच गाडीखाली दुसरा कागद पसरायचा आहे.