शेजाऱ्यांचे कुत्रे

पूजेची वस्त्रे नेसून मंदिराकडे निघावे आणि फाटकाशीच शेजाऱ्यांच्या कुत्र्याची विष्ठा पायाखाली यावी! पुन्हा स्नान, पुन्हा वस्त्रे. गतवर्षी चातुर्मासात हा प्रसंग माझ्यावर चार वेळा ओढवला. बाजारात एका स्नेह्यांनी सुचविले, "अंगणात तिखट टाका." (मिरचीचे व्यापारी ते, दुसरे काय सुचविणार?) परंतु चूक धन्याची आणि नाक पोळणार मुक्या जीवाचे, हे मनाला पटेना. मी मौन धरले. ते मौन क्षमेचे नव्हते, साठविलेल्या क्रोधाचे होते. संवत्सरीला त्याच शेजाऱ्यांसमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना जीभ अडखळली, तेव्हा ते उमगले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांच्याकडे गेलो. "भाऊ, नातू अंगणातल्या मातीत खेळतो. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत उतरतात आणि पुष्कळ दिवस टिकतात," एवढेच सांगितले. पाच समित्यांपैकी पाचवी, उत्सर्ग समिती, मलमूत्राचा त्याग जीवजंतूंना जपून कोठे व कसा करावा हेच शिकविते. साधूंसाठी सांगितलेला हा विवेक कुत्रे पाळणाऱ्यालाही उपयोगी आहे. पण ते त्यांना ऐकविले नाही. तक्रार घेऊन गेलेल्याने प्रवचन करू नये.

ते ओशाळले. पहाटे नोकर कुत्र्याला मोकळे सोडून देतो, याची त्यांना वार्ताच नव्हती. आता नोकराच्या हाती साखळी असते, जुनी वर्तमानपत्रे असतात. तरी परवा चुकलाच. मी त्याच सकाळी हाक मारली.