पारावरची मोटार

मोटार फिरते, आवाज नेहमीचाच, पण पाणी निम्मे. पारावर हे गाऱ्हाणे निघाले की पहिला फूट व्हॉल्व्हला दोष देतो, दुसरा विहिरीची पातळी काढतो, तिसरा मेहुण्याच्या बोअरची कथा लावतो. मध्ये ऊसतोड येते, कुणाच्या सोयरिकीचा विषय निघतो. मग एखादा म्हातारा सहज विचारतो, ‘‘तुमची डीपी परवाच बदलली न्हवं?’’ गाठ तिथे सुटते. डीपी, म्हणजे रोहित्र, बदलताना दोन फेजच्या तारांची अदलाबदल झाली आणि मोटार उलटी फिरू लागली. मेन स्विच बंद करून स्टार्टरमधल्या कुठल्याही दोन तारा बदलल्या की पाणी पूर्ववत. शेजारच्या दोघांनाही तेव्हाच आठवते, की पाणी आपलेही कालपासून कमीच आहे.

या गप्पांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तो प्रश्न गप्पांतूनच निघाला. तक्रारीच्या अर्जात ठरलेले रकाने असतात. परवा काय घडले, हे लिहायला रकाना नसतो. वायरमनकडे अनेक गावे असतात आणि पीक त्याच्या फेरीची वाट पाहत नाही. स्टार्टर ओढला की मोटार नुसती गुरगुरते, म्हणजे एक फेज गेला. तशीच धरून ठेवली तर वायंडिंग जळणार. हे ज्ञान गावोगाव पोचले ते बहुधा पारावरून, माहितीपत्रकांतून नव्हे.

पण ‘ऑटो बसव’ हा सल्लाही त्याच पारावरचा.

हा सल्ला देणाऱ्याला मूर्ख ठरवणे सोपे आहे, न्याय्य नाही. शेतीला थ्री फेज वीज मिळते ती आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. जुन्नरच्या बाजूला मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे म्हणजे बिबट्याची धास्ती. साप तर सगळीकडेच. लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारी ही ऑटोची डबी माणसाला घरात झोपू देते. मात्र सगळ्यांनीच ती बसवली, की वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार चालू मोटारीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. दाब पडतो, फ्यूज उडतात, रोहित्रही जळू शकते. मग वर्गणी, फेऱ्या आणि वाळणारे पीक. एकट्याच्या सोयीचा सल्ला सगळ्यांच्या वाट्याला असा येतो.

महावितरण म्हणूनच वर्षानुवर्षे सांगत आले आहे, की ऑटोस्विच टाळा, कपॅसिटर बसवा. सल्ला योग्य आहे. कपॅसिटरने तारेतून ओढला जाणारा प्रवाह घटतो, दाब सुधारतो. पण एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. कपॅसिटरचा फायदा शेतकऱ्याला बिलात दिसणार कुठे? शिवाय ‘कंडेन्सर’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर भलतेच येते. दोन फेजवर तीन फेजची मोटार रेटायला जो लावतात, तो. नाव एक, काम वेगळे. कार्यालयाचे पत्रक ही गफलत सोडवत नाही, कारण ती झाल्याचे कार्यालयाच्या कानावरच येत नाही.

तेव्हा पाराचे ऐकावे की साहेबांचे? आमच्या मते रेघ स्टार्टरच्या पेटीपाशी ओढावी. पेटीपासून विहिरीकडचे बरेचसे बिघाड पार ओळखू शकतो. पेटीपासून खांबाकडे मात्र त्याचा शब्द चालू नये. डीपीवर फ्यूज टाकायला चढलेला माणूस जिवाला मुकल्याच्या बातम्या येतच असतात, आणि ‘तूच टाक, वायरमन काय येतोय’ म्हणणारा बातमीत कधी नसतो. अर्थात वायरमन वेळेवर येणार नसेल तर ही रेघ कागदावरच राहील. ती जबाबदारी कंपनीची. ती गावावर ढकलता येत नाही.

ऑटोचे काय? नुसत्या बंदीने तो जाणार नाही. दिवसाची वीज देणारे सौर फीडर जिथे खरोखर सुरू होतील, तिथे त्याची गरज आपोआप कमी होईल. तोवर ज्या डब्यांत उशिराची वेळ लावता येते, त्यांत प्रत्येकाने वेगळी वेळ लावावी: एकाची मोटार दोन मिनिटांनी, दुसऱ्याची पाच, तिसऱ्याची आठ. यातली आठ मिनिटे कोणी घ्यायची, हे मात्र कुठल्याही परिपत्रकाने ठरणार नाही. त्यासाठी पारावरच बसावे लागेल, आणि सोयरिकीचा विषय मध्ये निघाला तरी चालेल.